हरकती

चुकीच्या वाक्याचे सहा रुपये मिळतात मला,
बरोबर वाक्याचे तीन.
कुरणे सर म्हणतात, बरोबर काय, कोणीही लिहितं.

ऐरोली, सेक्टर आठ. खाली झेरॉक्स, वर क्लास,
क्लासच्या मागे फळीचं पार्टिशन, तिथे मी.
बँकेच्या परीक्षेचं वय निघून गेलं
पहिल्यांदा तीन गुणांनी, मग एका वर्षानं.
तेव्हापासून चुका करते. रोज चाळीस, मोजून.

चूक करणं सोपं नसतं.
तांदळातल्या खड्यासारखी हवी,
रंग तांदळाचाच,
दाताखाली आल्यावरच कळणारी.

'ही इज वेटिंग सिन्स टू इयर्स.'
दोन वर्षांपासून वाट बघतोय. मराठीत कुठे अडतं?
इंग्रजीत अडतं, सी भागात.
'वी डिस्कस्ड अबाऊट द मॅटर.'
विषयावर बोललो, मग तो 'वर' कुठे ठेवायचा,
पोरं विचारतात.
मी सांगते, परीक्षेपुरता खिशात घाला.
'माय हेअर्स आर ग्रे.'
आमच्याकडे केस पिकतात, त्यांच्याकडे पिकतो.
अर्ध्या चुका अशाच:
आपली भाषा दुसऱ्याच्या सदऱ्यातून
कोपर बाहेर काढून बसलेली.

उरलेल्या गोळा करते. लिफ्टमधल्या पाटीवरून,
सोसायटीच्या नोटिशीवरून,
आणि एक माझ्या स्वतःच्या मुलाखतीतली:
'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.'
समोरचे हसले नाहीत,
एकानं फक्त पेनाला टोपण लावलं.
ते वाक्य मी आतापर्यंत तीनदा विकलंय.

चैताली मढवी शेवटच्या बाकावर बसते.
हा सेक्टर आठ तिच्या आज्याचं भात,
हे ती एकदाच बोलली, पत्ता सांगावा तसं.
परवा पार्टिशनमागे आली.
प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद, टाइप केलेला,
प्रत्येक गोल अक्षराचं पोट शाईनं भरलेलं,
कोपऱ्यात जांभळा अंगठा.
"मॅडम, यान चूक हाय का?"

'द लँड स्पेसिफाइड बिलो
इज नीडेड फॉर अ पब्लिक पर्पज.'

मी सवयीनं पेन्सिल घेतली.
'लँड' एकवचनी, 'इज' एकवचनी.
'पब्लिक'च्या आधी 'अ', बरोबर.
'नीडेड'. कोणाला, ते वाक्य सांगत नाही,
पण ते चालतं,
त्याला कर्मणी प्रयोग म्हणतात.
खाली दुसरं वाक्य:
हरकती असल्यास तीस दिवसांत लेखी द्याव्यात.
तेही इंग्रजीत. स्वल्पविरामासकट निर्दोष.
तीस दिवस हा कागद पेटीत होता,
भाताच्या बियाण्याच्या पिशवीखाली. मग बाकीची वर्षंही.

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा उलटं,
शेवटून सुरुवातीकडे, पोरांना शिकवते तसं.
"नाही," म्हटलं.
"मंग ई," ती म्हणाली.
ई म्हणजे नो एरर.
कागद पिशवीत घातला, पिशवीला दोन गाठी.

रविवारच्या पेपरात मी ते वाक्य घातलं,
प्रश्न सत्तेचाळीस. तिला विचारलं नाही.
बासष्ट मुलं. अकरांनी ई लिहिलं,
बहुतेकांना 'नीडेड' खटकलं,
का ते सांगता येईना.
चैतालीनं ए, बी, सी, डी, चारही गोळे काळे केले,
कागद फाटेपर्यंत डीचा.
मशीन असं उत्तर धरत नाही.

सोमवारी उत्तरतालिका लावली. ४७: ई.
खाली दर आठवड्याची ओळ असते,
हरकती सात दिवसांत लेखी द्याव्यात.
या खेपेला ती मराठीत लिहिली,
मोठ्या अक्षरात, मार्करनं.

संध्याकाळी सरांनी हिशेब केला.
सत्तेचाळीसवर बोट ठेवून म्हणाले,
हे बरोबर वाक्य आहे ना?
याचे तीनच.